आधी उघडा, मग मांडा

प्रस्तावना

पुण्यात एरंडवणे, सहकारनगर, चिंचवड, मुंबईत दादर, माटुंगा, विलेपार्ले या भागांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारती अजून उभ्या आहेत. दोन-तीन मजले, लिफ्ट नाही, मोझॅकच्या पायऱ्यांचा जिना, त्याला सागवानी कठडा, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आणि मागच्या बाजूला कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून हे फ्लॅट घेतले, ती पिढी आता थकली आहे किंवा राहिली नाही. घरं मुलांकडे आणि नातवंडांकडे आली आहेत. किल्ली हाती आल्यावर त्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न असतो : या जुन्या घराचं करायचं काय?

या प्रश्नाला सध्या एक उत्तर सगळीकडून मिळतं. त्याचं नाव 'मिड-सेंच्युरी'. खाली निमुळत्या होत गेलेल्या पायांची सागवानी खुर्ची, पाठीला वेताची जाळी, भिंतीलगत लांब आणि बुटकं कपाट, गादीला मोहरीचा किंवा विटकरी रंग, वर गोल दुधी काचेचा दिवा. साधारण १९४५ ते १९७० या काळात युरोप-अमेरिकेत रुळलेल्या या शैलीची आज पुन्हा चलती आहे. दुकानांत तिचे संच मिळतात, आणि जुना फ्लॅट पुरता उकलून त्यात हे संच नेऊन ठेवले की नूतनीकरण झालं असं मानलं जातं.

हे पुस्तक लिहिण्यामागे माझं एकच म्हणणं आहे. १९५० ते १९७५ च्या दरम्यान बांधलेला आपला फ्लॅट मुळातच त्या काळाचा, त्या विचारानं आखलेला आहे. ही शैली त्यात बाहेरून आणावी लागत नाही. ती तिथेच आहे. पुढच्या चाळीस वर्षांत तिच्यावर चढवलेल्या थरांखाली झाकली गेली आहे. म्हणून नूतनीकरणाचं पहिलं काम खरेदीचं नाही, उघडण्याचं आहे.

हे पटायचं असेल तर ही शैली आली कुठून ते थोडं पाहायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं कमी होती, माणसं जास्त होती आणि कारखान्यांत नवं तंत्र तयार होतं. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्यानं युद्धकाळात जखमी सैनिकांच्या पायांना बांधायच्या खपच्या प्लायवूड वाकवून बनवल्या होत्या. तेच तंत्र पुढे त्यांच्या खुर्च्यांत आलं. डेन्मार्कमध्ये हान्स वेगनर, फिन यूल यांच्यासारख्यांनी हातानं काम करणाऱ्या सुताराचं कसब न सोडता साधी, हलकी, सागवानी खुर्ची घडवली. नक्षी गेली आणि सांधा दिसू लागला. सामान पायांवर उभं राहिलं, त्यामुळे खालची जमीन मोकळी राहिली आणि लहान खोली मोठी वाटू लागली. कमी जागेत, कमी पैशात, प्रतिष्ठेनं कसं राहायचं या प्रश्नातून ही शैली जन्मली. श्रीमंती मिरवणं हा तिचा हेतू नव्हता.

भारत या घडामोडीत प्रेक्षक म्हणून बसलेला नव्हता. १९४६ साली मुंबईत मुल्कराज आनंद यांनी 'मार्ग' हे नियतकालिक सुरू केलं आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या देशानं घरं-गावं कशी बांधावीत याची चर्चा त्यातून झाली. पाँडिचेरीत अरविंद आश्रमाची 'गोलकोंड' ही इमारत वास्तुरचनाकार आंतोनिन रेमंड यांनी त्याआधीच आखली होती. तिथे काम केलेला जॉर्ज नाकाशिमा हा लाकडाचा थोर जाणकार १९६४ साली पुन्हा भारतात आला आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं फर्निचर घडवलं. ती संस्था उभी राहिली १९६१ मध्ये, आणि तिचा पाया ईम्स दांपत्यानं भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ साली लिहिलेल्या अहवालात आहे. त्या अहवालात त्यांनी उत्तम रचनेचा नमुना म्हणून ज्या वस्तूचं मनापासून कौतुक केलं, ती वस्तू आपल्या घरातला साधा तांब्या होती.

चंदीगडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्या, महाविद्यालयं आणि घरांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. यूली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुरचनाकार त्या कामात बरोबरीनं होते. गावच्या सुताराला सहज करता येईल असा तो घाट होता. पुढे त्या खुर्च्या जुन्या झाल्या म्हणून कचेऱ्यांच्या गच्चीवर ढीग घालून टाकल्या गेल्या आणि भंगाराच्या भावात विकल्या गेल्या. परदेशी लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागू लागल्या, तेव्हा २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधन घालावं लागलं. आपल्याकडच्या वस्तूची किंमत दुसऱ्यानं सांगितल्यावर कळावी, हे आपल्या घराघरांतही घडतं आहे. माळ्यावर टाकलेली आजोबांची वेताची आरामखुर्ची भंगारवाल्याला जाते आणि तिचीच नक्कल हप्त्यांवर घरी येते.

या इतिहासात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात. लाकडाच्या वासात वाढलेला हा मुलगा मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, १९५१ मध्ये पॅरिसला ल कार्बुझिए यांच्याकडे गेला आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारा पहिला भारतीय ठरला. अच्युत कानविंदे १९१६ साली कोकणातल्या आचऱ्याला जन्मले, जे.जे.नंतर ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि नवभारताच्या संस्थांच्या इमारती त्यांनी उभ्या केल्या. त्याआधीच्या पिढीत गजानन बाबूराव म्हात्रे यांनी मुंबईत ओव्हल मैदानासमोरची 'एम्प्रेस कोर्ट' आणि तिच्यासारख्या अनेक राहत्या इमारती रेखल्या. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा तो परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. वास्तुरचनाकारांच्या संस्थेनं १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, तेव्हाच फ्लॅटमध्ये सुटसुटीत कसं राहावं हे मध्यमवर्गाला समोर मांडून दाखवलं गेलं होतं.

आता सामान्य माणसाच्या फ्लॅटकडे येऊ, कारण हे पुस्तक त्याच्यासाठी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, भाड्यासाठी इमारती बांधणं परवडेनासं झालं आणि लोक मालकीच्या घराकडे वळले. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी त्या वळणाला चौकट दिली. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे वाडे पडले आणि शहर एका दिवसात नव्या वस्त्यांकडे ढकललं गेलं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पाठोपाठ मोटारी आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि नोकरीसाठी आलेल्या माणसांना घरं लागू लागली.

त्या माणसांत आमच्या भागातले लोक पुष्कळ होते. आमचं मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं, नगर–सोलापूर रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी-मध्यम. १९७२ च्या दुष्काळानं या पट्ट्यातल्या घराघरातून एकेकाला शहराकडे पाठवलं. कुणी चिंचवडला कारखान्यात लागलं, कुणी पुण्यात शिक्षक झालं, कुणी मुंबईला एसटीत गेलं. पुढे त्यांनी दोन खोल्यांचा, तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गावच्या माणसाच्या दृष्टीनं तो फ्लॅट म्हणजे शहरात रोवलेलं पाऊल. त्या फ्लॅटचं नूतनीकरण हा त्यामुळे नुसता सजावटीचा विषय राहत नाही. त्यात एका पिढीचे कष्ट जतन करायचे असतात आणि पुढच्या पिढीला नीट राहता यावं हेही पाहायचं असतं.

गावाकडचं घर इथे मुद्दाम आठवतो. आमच्याकडे धाब्याची, माळवदाची घरं. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया आणि वर मातीचं सपाट छत. घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधल्या अंतराचा एक खण, आणि पाच खणी की सात खणी यावरून घराचा आवाका कळायचा. भिंतीत कोनाडे आणि फडताळं, म्हणजे सामान ठेवायला वेगळं सामान लागत नसे. बैठक जमिनीलगत, मधली जागा मोकळी, वस्तू मोजक्या आणि प्रत्येक वस्तू वापरातली. एका मापात आखणी, भिंतीत बसवलेलं कपाट, बुटकी बैठक, मोकळी जमीन, उघड दिसणारं लाकूड : विसाव्या शतकाच्या मध्यातल्या वास्तुरचनाकारांनी ज्या गोष्टींचा आग्रह धरला, त्या माळवदात वाढलेल्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. म्हणूनच मला वाटतं की ही शैली आपल्याकडे परकी म्हणून येत नाही. आपल्या राहणीशी तिचं जुनं जमतं.

मग त्या फ्लॅटचं झालं काय? १९९० नंतर हाती पैसा आला, बाजारात माल आला आणि घर 'करून घेण्याची' लाट आली. मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल बसली. दहा फुटांच्या छताखाली पीओपीचं दुसरं छत आलं. सागवानी दारांवर ऑइलपेंटचे थर चढले, नंतर त्यावर सनमायका. लोखंडी चौकटीच्या, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या. गॅलरी बंदिस्त करून खोलीत घेतली गेली. हे सगळं हौसेनं आणि प्रेमानं केलेलं होतं; त्या माणसांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण यातल्या प्रत्येक थरानं घराचं काहीतरी काढून घेतलं, आणि ते काय होतं हे समजून घेतल्याशिवाय आपण आणखी एक थर चढवू नये.

फरशीपासून सुरुवात करू. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे आणि रंग मिसळून, यंत्राखाली दाबून केलेली फरशी. स्वदेशीच्या प्रेरणेनं १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सनं मुंबईत अशा सिमेंटच्या फरशीला प्रतिष्ठा दिली आणि पुढे गावोगावी तिचे कारखाने निघाले. या फरशीचा वरचा, संगमरवरी तुकड्यांचा थर पाच-सहा मिलिमीटर जाड असतो. साठ वर्षांच्या वापरानं तो फार थोडा झिजतो. यंत्रानं घासून, भेगांमध्ये त्याच रंगाचं सिमेंट भरून, टप्प्याटप्प्यानं बारीक पॉलिश केलं की फरशी पुन्हा उजळते. नव्या टाइलवर कितीही खर्च केला तरी प्रत्येक घराचा वेगळा असणारा तो रंग मिळत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही आम्लानं खाल्ली जातात, तेव्हा संडास धुण्याचं ॲसिड किंवा लिंबू-व्हिनेगर या फरशीवर कधीच घालू नये.

जुन्या फरशीवर नवी फरशी घालण्यात रूपाखेरीज दुसरा प्रश्नही आहे. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांचा भार भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. जुन्या फरशीवर ४० मिलिमीटर मसाला आणि वर टाइल असा थर दिला तर दर चौरस मीटरला जवळपास १०० किलोंची कायमची भर पडते. जो भार माणसांसाठी राखला होता, त्यातला निम्मा भाग एका फरशीनं खाल्ला. साठ वर्षांच्या स्लॅबला हे ओझं देण्याआधी शंभरदा विचार करावा.

छताचंही तसंच आहे. पीओपीचं खोटं छत सहा इंचांपासून फूटभर उंची घेतं, पंखा डोक्यावर आणतं आणि खोलीची हवा कोंडते. पण त्याहून मोठं नुकसान असं की ते मूळ स्लॅब नजरेआड करतं. जुन्या काँक्रीटमध्ये ओल शिरली की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. आधी बारीक भेग दिसते, मग गिलावा पोकळ वाजतो, मग खपली पडते. हा क्रम डोळ्यांना दिसला तर वेळेवर इलाज होतो. वर छत लावलेलं असेल तर थेट खपली पडल्यावरच कळतं. उघडं घर देखणं असतं म्हणून मी उघडण्याचा आग्रह धरतो, पण त्याहून जास्त ते सुरक्षित असतं म्हणून धरतो.

खिडकीचा हिशोब तर लहान मुलालाही समजेल असा आहे. बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. दोन पट्ट्यांवरची सरकती खिडकी फार तर निम्मी उघडते. जुन्या रचनाकारानं समोरासमोर खिडक्या ठेवून, दारावर हवेसाठी झडप देऊन, वर दीड-दोन फुटांचा छज्जा काढून घर थंड राहील अशी सोय केली होती. सरकत्या खिडक्यांनी वारा निम्म्यावर आला, बंदिस्त गॅलरीनं ऊन थेट भिंतीवर घेतलं आणि मग वातानुकूलन यंत्र लागलं. जुन्या लोखंडी खिडक्या गंज घासून, रंगवून, बिजागऱ्या बदलून पुन्हा वापरता येतात. तेव्हाच्या जाळ्यांचे चौकोन, त्रिकोण, किरणांसारख्या सळया हे त्या काळाच्या चित्रकलेचं लोखंडातलं रूप आहे. त्या काढून सरसकट पट्ट्या लावू नयेत.

लाकडाबद्दल मला विशेष सांगायचं आहे. त्या काळच्या चौकटी, दारं, कपाटं बहुधा 'सीपी' सागाची, म्हणजे चंद्रपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलांतल्या सागाची. काही जुन्या घरांत ब्रह्मदेशी साग मिळतो. सावकाश वाढलेल्या झाडाचं, तेल धरलेलं, पूर्ण मुरलेलं असं लाकूड आज नवं घ्यायला गेलं तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. ते आपल्या घरात सनमायक्याखाली बसलेलं असतं. ते उघडून त्याला लाखेचं पॉलिश करावं. लाखेच्या पॉलिशवर पाण्याचा डाग पडतो हे खरं, पण तेवढाच भाग पुन्हा घासून दुरुस्त करता येतो. चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश एकदा ओरबाडलं की सगळा पृष्ठभाग नव्यानं करावा लागतो.

जुना रंग काढताना एक धोका ध्यानात असू द्या. घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. तो कोरडा घासला की धूळ घरभर होते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून रंग ओला करून खरवडावा, कामगाराला चांगला मास्क द्यावा, खोलीचं दार बंद ठेवावं आणि त्या दिवसांत मुलं आणि गरोदर बाई घरात नसावी. हा मुद्दा सजावटीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. या पुस्तकात त्यासाठी मी वेगळं प्रकरण ठेवलं आहे.

कुठल्याही कामाआधी इमारतीची तब्येत पाहणं हा पहिला नियम. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल संस्थेकडून मागून वाचा. पुण्यातल्या अनेक दुमजली-तिमजली इमारतींत भार खांबांवर नसून नऊ इंची विटांच्या भिंतींवर असतो. हॉल मोठा करायचा म्हणून अशी भिंत पाडणं म्हणजे वरच्या शेजाऱ्याच्या पायाखालचा आधार काढणं. साडेचार इंची भिंतही स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय हलवू नये.

त्यानंतर नळ आणि वीज. जुने जीआयचे नळ आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. भिंत उघडली आहे तोवर ते बदलून घ्यावेत. विजेची जुनी जोडणी पंखा, चार दिवे आणि रेडिओ यांच्यासाठी केलेली होती. तिच्यावर गिझर, ओव्हन, वॉशिंग मशिन चालवणं धोक्याचं आहे. अर्थिंगची तार बहुतेक ठिकाणी नसते. किटकॅट फ्यूज काढून एमसीबी, आणि सोबत विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, हे बसवल्याशिवाय एकही सुंदर दिवा विकत घेऊ नये. जुनं जपायचं म्हणजे सगळंच जपायचं असं नव्हे. जे जीवाला धोका देतं ते बदलायचं, आणि त्यात हयगय करायची नाही.

एवढं झालं की घर स्वतःच बोलू लागतं आणि फर्निचर किती थोडं लागतं हे लक्षात येतं. बहुतेक घरांत निम्मं आधीच असतं. गोदरेजनं पोलादी कपाट १९२३ पासून बनवायला घेतलं. त्याचा जुना हिरवा-करडा नमुना आजही कुलपासकट चालतो आणि नव्या रंगात तो या शैलीत शोभून दिसतो. लग्नात आलेला सागवानी पलंग, शाळेतल्या शिक्षकाचं टेबल, आजीची आरामखुर्ची, लोखंडी ट्रंक, देवघरातला शिसवी चौरंग. जे नाही ते पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात शोधावं. पारखताना नक्षी पाहू नका, सांधा पाहा. कुसू घालून केलेला सांधा ढिला झाला तरी पुन्हा आवळता येतो. भुश्याच्या फळीत रुतवलेला स्क्रू एकदा सुटला की ती वस्तू संपली.

कारागीर हा या सगळ्याचा कणा आहे. आमच्या भागात सुतार बाभळीच्या लाकडाची औतं, तिफणी, बैलगाड्यांची चाकं करत. ट्रॅक्टर आले, ते काम गेलं, आणि त्यांच्यातले कित्येक शहरात फर्निचरच्या कामाला लागले. त्यांच्या हातात सांध्याचं ज्ञान आहे, पण त्यांच्याकडून आपण प्लायला सनमायका चिकटवून घेतो. वेत विणणारे हात तर झपाट्यानं कमी होत आहेत. अंध व्यक्तींच्या अनेक संस्थांनी हे विणकाम शिकवून त्यांना रोजगार दिला, हे विसरू नये. आपल्या खुर्चीची जाळी फाटली असेल तर खुर्ची फेकण्याऐवजी ती विणून घ्या. त्या कामाचे पैसे थेट कारागिराच्या घरी जातात.

कापड आणि रंगांसाठीही दूर जायला नको. आमच्या मिरजगावावरून जाणारा रस्ता ज्या सोलापूरला पोचतो, तिथली भौगोलिक मानांकन मिळालेली चादर भौमितिक आकृत्यांची आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारी असते. बुटक्या सागवानी पलंगावर तिच्याइतकं काही खुलत नाही. धनगरांची काळी किंवा करडी घोंगडी बैठकीखाली अंथरली की परदेशी गालिच्याची उणीव भासत नाही. भिंतीला चुन्याचा पांढरा, एखाद्या बाजूला गेरूचा लाल किंवा हळदीचा पिवळा. दिवे २७०० केल्विनचे, पिवळसर, भिंतीवर उजेड पाडणारे; डोळ्यांवर मारा करणारे नकोत.

दोन मर्यादा स्पष्ट सांगतो. जुनी इमारत म्हणून ती जपलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. परीक्षणात ती धोकादायक ठरली तर तिथून बाहेर पडणं हाच शहाणपणा. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनंतर राज्यातल्या अनेक शहरांत पुनर्विकासाची हालचाल वाढली आहे. तुमची संस्था त्या मार्गावर असेल तर भिंती-फरशीत पैसा घालू नका. जे सोबत नेता येईल त्यावर खर्च करा : दारांचं लाकूड, कपाटं, खुर्च्या. पाडकामाच्या आधी सागवानी दारं आणि खिडक्यांच्या जाळ्या उतरवून घ्यायला विसरू नका. नव्या घरात त्यांचं टेबल होतं, पडदा होतो. दुसरं, घराचं संग्रहालय करू नका. आईच्या गुडघ्यांना बुटकी बैठक झेपत नसेल तर तिच्यासाठी उंच, हातांची खुर्ची हवीच. ओटा तिच्या उंचीला हवा. न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी आणि धरायला दांडी हवी. ज्या काळाचं आपण कौतुक करतो, त्या काळच्या उत्तम रचनाकारांनी माणसाच्या शरीरापासूनच सुरुवात केली होती.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं केली आहे. पहिला भाग इमारतीची पाहणी आणि परवानग्या यांचा. दुसरा उघडण्याचा : फरशी, छत, खिडक्या, लाकूड. तिसरा पाणी आणि विजेचा. फर्निचर, कापड आणि रंग चौथ्या भागात येतात, आणि ते मुद्दामच शेवटी ठेवले आहेत. वाचकानं चौथ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी हरकत नाही, पण काम पहिल्या भागापासून सुरू करावं.

ज्यांच्या हाती असं घर आलं आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. पहिला महिनाभर काहीही विकत घेऊ नका. संस्थेकडून परीक्षणाचा अहवाल मागवा. खोलीच्या कोपऱ्यातली एक टाइल उचलून खाली काय आहे ते पाहा. एका दाराचा वीतभर रंग ओला करून खरवडा. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडून वारा कुठून येतो ते समजून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे घर नवं होतं तेव्हा कसं दिसायचं, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. मग जे मजबूत आहे ते ठेवा, जे धोक्याचं आहे ते निःसंकोच बदला आणि खरेदी सगळ्यात शेवटी करा. या क्रमानं गेलात तर तुमचा खर्च कमी होईल, आणि घर तुमचं आणि तुमच्या आधीच्यांचंही राहील.